लेखकाकडून पैसे घेऊन पुस्तक काढणे: आक्षेप नेमका कशाला घ्यायचा?

सातारा जिल्ह्यातील एका निवृत्त शिक्षकांनी आपली पहिली कादंबरी पुण्यातील एका प्रकाशकाकडे पाठवली. आठवडाभरातच होकार आला आणि त्याच पत्रात ९० हजार रुपयांची मागणीही आली. पुस्तक १६० पानांचे, डेमी आकाराचे, किंमत २५० रुपये. ५०० प्रतींची आवृत्ती. त्यांतल्या १०० प्रती लेखकाला. मानधन ‘पहिली आवृत्ती संपल्यानंतर’ दहा टक्के. आणि ‘सर्व हक्क प्रकाशकाधीन’. चिरंजीवांच्या मते ही सरळ फसवणूक आहे, तर प्रकाशकाचे म्हणणे ‘आता सगळेच घेतात’ असे आहे. लेखकाकडून पैसे घेणे नीतीला धरून आहे का, असा प्रश्न या शिक्षकांनी विचारला आहे. हे उत्तर त्यांनाच उद्देशून आहे.

उत्तर देण्यापूर्वी एक गोष्ट सांगून ठेवतो. मी या व्यवसायात संपादक म्हणून आलो आणि आता स्वतःची छोटी प्रकाशनसंस्था चालवतो. आमच्या यादीत लेखकाने स्वतः खर्च केलेली पुस्तकेही आहेत. त्यामुळे माझे मत अगदी त्रयस्थाचे नाही, हे लक्षात घेऊन पुढचे वाचावे.

लेखकाने स्वतःच्या पैशाने पुस्तक काढणे यात काहीही कमीपणा नाही. एकोणिसाव्या शतकातील मराठी पुस्तकांची मुखपृष्ठे पाहिली, तर ‘हें पुस्तक ग्रंथकर्त्यानें अमुक छापखान्यांत छापवून प्रसिद्ध केलें’ आणि त्याखाली ‘सर्व हक्क ग्रंथकर्त्यानें आपणाकडे ठेविले आहेत’ अशा धर्तीच्या ओळी वारंवार भेटतात. आगाऊ वर्गणीदार जमवून ग्रंथ छापणे ही तर त्या काळची रूढ पद्धत होती. श्री. व्यं. केतकरांनी ज्ञानकोशाचे तेवीस खंड काढले, ते कोणा धनाढ्य प्रकाशकाच्या जिवावर काढले नाहीत. त्यासाठी त्यांनी कंपनी स्थापली, भाग विकले आणि वर्गणीदार मिळवले. घराण्यांचे कुलवृत्तांत तर आजही कुलबांधवांच्या वर्गणीतूनच निघतात आणि त्यात कोणाला काही गैर वाटत नाही. इंग्लंडमध्ये १८११ साली जेन ऑस्टिनची पहिली कादंबरी ‘सेन्स अँड सेन्सिबिलिटी’ निघाली ती लेखिकेच्या जोखमीवर. प्रकाशकाने आपले कमिशन घेतले, स्वामित्वहक्क लेखिकेकडे राहिला आणि पहिल्या आवृत्तीचे सुमारे १४० पौंड तिच्या हाती आले. तिची पुढची कादंबरी त्याच प्रकाशकाने ११० पौंडांना हक्कासकट विकत घेतली. तेव्हा जोखीम त्याची होती आणि पुढचा नफाही त्याचाच झाला.

हे दोन्ही व्यवहार सचोटीचे आहेत, कारण दोन्हींत जोखीम आणि हक्क एकाच हातात आहेत. आपल्याकडे आलेल्या प्रस्तावात मात्र जोखीम लेखकाची आहे आणि हक्क, प्रती व विक्री प्रकाशकाची आहे. माझा आक्षेप आहे तो इथे. स्वतःच्या जमिनीवर स्वतःच्या पैशाने घर बांधून घ्यावे आणि सात-बारावर कंत्राटदाराचे नाव लागावे, असा हा प्रकार आहे.

आता प्रकाशकाची बाजूही प्रामाणिकपणे मांडली पाहिजे, कारण ‘प्रकाशक लुटतात’ एवढे म्हणून हा विषय संपत नाही. एक ढोबळ हिशेब करू. आकडे गावागणिक आणि कागदाच्या भावागणिक बदलतील, पण प्रमाण साधारण असेच राहील. १६० पाने म्हणजे सोळा पानी दहा फॉर्म. अक्षरजुळणी आणि पानांची मांडणी पानामागे ४० रुपये धरली तर ६,४०० रुपये. मुद्रितशोधनाचे ५,००० रुपये. मुखपृष्ठाचे ६,००० रुपये. कागद, छपाई आणि बांधणी प्रतीमागे ७५ रुपये धरून ५०० प्रतींचे ३७,५०० रुपये. बेरीज सुमारे ५५ हजार. आता हाच खर्च प्रकाशकाने स्वतः केला, असे समजा. वितरक आणि विक्रेते मिळून निम्म्याच्या आसपास सवलत घेतात, म्हणजे २५० रुपयांच्या प्रतीमागे हाती १२५ रुपये येतात. सगळ्याच्या सगळ्या ५०० प्रती विकल्या गेल्या, तर ६२,५०० रुपये जमा होतात. त्यातून दहा टक्क्यांनी मानधनाचे १२,५०० रुपये गेले की उरतात ५० हजार. म्हणजे एकही प्रत शिल्लक न राहता प्रकाशकाला पाच हजारांचे नुकसान. किंमत ३०० रुपये ठेवली तर पाच हजार वर राहतात, पण परीक्षणासाठी दिलेल्या, भेट गेलेल्या आणि गोदामात वाळवी लागलेल्या प्रती त्यातच वजा होतात. कचेरीचे भाडे आणि दोन माणसांचे पगार या हिशेबात धरलेलेच नाहीत. आणि अनोळखी लेखकाच्या पहिल्या कादंबरीच्या ५०० प्रती खपायला कित्येकदा वर्षानुवर्षे लागतात. कवितासंग्रहाचे तर बोलायलाच नको.

तेव्हा ‘हे पुस्तक आम्ही आमच्या पैशाने काढू शकत नाही’ असे प्रकाशकाने स्पष्ट कळवणे यात अनीती नाही. तो नकार आहे, आणि प्रामाणिक नकार ही लेखकाला मिळालेली मदतच असते. मौजेच्या ‘सत्यकथा’ या वाङ्मयीन मासिकाच्या काळात श्री. पु. भागवत आणि राम पटवर्धन यांच्यासारखे संपादक लेखन परत पाठवत, पुन्हा लिहायला लावत. त्या साक्षेपाला वजन होते, कारण ज्याच्या लेखनाला होकार जाणार, त्याच्यावर आपले पैसे आणि आपले नाव लागणार हे प्रकाशनसंस्थेला ठाऊक असे. पैसे लेखकाचे असले की हा धाक जातो. छपाईच्या आधीच नफा गाठीला बांधलेल्या माणसाला हस्तलिखित नाकारण्याचे कारण उरत नाही, सुधारून घेण्याचे उरत नाही आणि छापल्यावर विकण्याचेही उरत नाही. आपल्याला होकार आठवडाभरात मिळाला, यात म्हणूनच आनंद मानू नये. १६० पानांची कादंबरी लक्षपूर्वक वाचून तिच्यावर मत बनवायला आठवडा पुरेल, नाही असे नाही. पण त्या पत्रात कादंबरीतल्या एखाद्या पात्राविषयी, एखाद्या फसलेल्या प्रकरणाविषयी एक तरी वाक्य आहे का, ते पाहावे. ‘आपली साहित्यकृती दर्जेदार असून आमच्या संपादक मंडळाने तिची निवड केली आहे’ एवढेच असेल, तर ती निवड नसून दरपत्रक आहे.

आता आपल्या प्रस्तावाचा हिशेब त्याच आकड्यांनी करू. आपण ९० हजार देणार. खर्च ५५ हजार. वरचे ३५ हजार प्रकाशकाकडे राहिले. हे पैसे मुळातच वाईट आहेत असे मी म्हणणार नाही. जाणत्या संपादकाने कादंबरीवर महिनाभर काम केले असेल, तर तेवढे मोल त्याला द्यायलाच हवे. पण आपल्याला १०० प्रती मिळाल्या आणि उरलेल्या ४०० प्रकाशकाकडे राहिल्या. त्या निम्म्या किमतीत जरी गेल्या, तरी आणखी ५० हजार रुपये येतात. त्यात आपला वाटा शून्य, कारण मानधन ‘पहिली आवृत्ती संपल्यानंतर’ सुरू होणार, आणि आवृत्ती संपली की नाही हे ठरवणारही प्रकाशकच. ज्या प्रती आपल्या पैशाने छापल्या, त्यांच्या विक्रीतून आपल्याला एक रुपयाही नाही, ही अट कोणत्याही युक्तिवादाने न्याय्य ठरत नाही.

इथे ग्रंथालयांचा विषय येतोच. महाराष्ट्रात १९६७ च्या सार्वजनिक ग्रंथालय कायद्यामुळे अ, ब, क, ड वर्गांची बारा हजारांच्या आसपास शासनमान्य ग्रंथालये उभी राहिली आणि त्यांच्या अनुदानातील पुस्तकखरेदी हा मराठी प्रकाशनाचा मोठा आधार झाला. मार्चअखेरीस गठ्ठ्याने होणाऱ्या या खरेदीत सवलत किती, यावर बरेच काही ठरते. निर्मितीचा खर्च लेखकाकडून आधीच वसूल झालेले पुस्तक प्रकाशक कितीही सवलतीत देऊ शकतो. जे मिळेल तो फायदाच असतो. लेखकाला मात्र ‘कादंबरीला उठाव नाही हो’ असे सांगितले जाते. वर्षा-दोन वर्षांनी तो एखाद्या तालुक्याच्या वाचनालयात जातो, तेव्हा त्याचेच पुस्तक शिक्का मारून कपाटात उभे असते.

दुसरी लबाडी याहून साधी आहे आणि नव्या यंत्रांमुळे ती फारच सोपी झाली आहे. पूर्वी ऑफसेटवर दोन-तीनशेच्या खाली छपाई परवडत नसे. आता डिजिटल यंत्रावर पन्नास प्रतीही काढता येतात. करारात ५०० लिहायचे, छापायच्या १५० किंवा २००, त्यांतल्या १०० लेखकाच्या घरी पोचवायच्या. उरलेल्या ४०० मोजायला गोदामात कोण येणार? काही महिन्यांनी आणखी ५० काढून त्यांवर ‘दुसरी आवृत्ती’ छापली की लेखकही खूश. यावर उपाय एकच आहे: छापखान्याचे बिल आणि बांधणी करणाऱ्याचे चलन यांच्या नकला मागणे. त्या चलनावर प्रतींची संख्या असते. खर्च आपण करत असाल तर ते बिल पाहण्याचा हक्क आपलाच आहे. माझ्या अनुभवात प्रामाणिक प्रकाशक ते विनातक्रार दाखवतो, आणि दुसरा ‘आमच्यावर विश्वास नाही का?’ असे विचारतो.

त्याच दरपत्रकात ‘आयएसबीएन व कॉपीराइट’ अशी एक बाब असण्याची दाट शक्यता आहे. आयएसबीएन हा पुस्तकाचा आंतरराष्ट्रीय ओळख-क्रमांक भारतात विनाशुल्क मिळतो. शिक्षण मंत्रालयाच्या अखत्यारीतील राजा राममोहन रॉय राष्ट्रीय यंत्रणा तो देते आणि लेखकालाही स्वतःच्या नावाने ऑनलाइन अर्ज करता येतो. स्वामित्वहक्क तर लेखन पूर्ण होताच आपोआप निर्माण होतो. नोंदणी सक्तीची नाही, आणि करायचीच असेल तर साहित्यकृतीसाठी शासकीय शुल्क ५०० रुपये आहे. अर्ज भरण्याचे श्रम म्हणून कोणी थोडे पैसे घेतले तर ठीक, पण या दोन बाबींसाठी पाच-सात हजार लावणारा प्रकाशक उरलेल्या बाबींतही काय करत असेल, हे ओळखावे.

‘सर्व हक्क प्रकाशकाधीन’ या शब्दांविषयी थोडे अधिक सांगणे भाग आहे. १९५७ च्या स्वामित्वहक्क कायद्याच्या १९ व्या कलमानुसार हक्क हस्तांतरित व्हायचा तर तो लेखी आणि लेखकाच्या सहीनेच होतो. त्या लेखात कोणते हक्क, किती काळासाठी, कोणत्या प्रदेशापुरते आणि कोणत्या मोबदल्यात, हे सांगावे लागते. मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षे मानली जाते, प्रदेश लिहिला नसेल तर भारतापुरता. आणि घेतलेला हक्क वर्षभरात वापरला नाही तर, करारात वेगळे काही नसल्यास, तो संपुष्टात येतो. पुस्तकाच्या आतल्या पानावर प्रकाशकाने काहीही छापले, तरी आपल्या सहीशिवाय हक्क जात नाहीत. म्हणूनच सही जपून करावी. पुस्तकाचा खर्च आपला असेल तर अनुवाद, ध्वनिपुस्तक, ई-पुस्तक, चित्रपट आणि मालिका यांतला कोणताही हक्क प्रकाशकाला देण्याचे कारण नाही. छापील आवृत्ती विकण्याची परवानगी, तीही दोन-तीन वर्षांपुरती आणि विक्रीतल्या ठरलेल्या वाट्यावर, एवढे पुरेसे आहे.

‘पण लेखक स्वखुशीने पैसे देतो, मग तक्रार कोणाची?’ असा प्रश्न व्यवसायातील मित्र विचारतात. यात तथ्य आहे, पण पुरते नाही, कारण पुस्तक हा केवळ लेखक आणि प्रकाशक या दोघांचा मामला नसतो. प्राध्यापकांच्या पुस्तकांत हे सर्वांत उघडपणे दिसते. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१० च्या नियमावलीने नेमणूक आणि बढतीसाठी प्रकाशनांना गुण ठरवले. २०१८ च्या नियमावलीत आंतरराष्ट्रीय प्रकाशकाच्या पुस्तकाला १२, राष्ट्रीय प्रकाशकाच्या पुस्तकाला १० आणि संपादित ग्रंथातील प्रकरणाला ५ गुण आहेत. हेतू संशोधनाला उत्तेजन देण्याचा होता. प्रत्यक्षात चार-पाच हजार रुपये भरा आणि चर्चासत्राच्या ‘संपादित ग्रंथात’ आपले प्रकरण छापून घ्या, असा एक धंदाच उभा राहिला. पैसे देणारे प्राध्यापक खूश, घेणारा प्रकाशकही खूश. भुर्दंड पडला तो दोघांच्याही बाहेरच्यांना: खरोखर संशोधन करूनही गुणांत मागे पडलेल्या उमेदवाराला, आणि त्या ग्रंथाला संदर्भ समजून वाचणाऱ्या विद्यार्थ्याला. पुस्तकावर प्रकाशनसंस्थेचे नाव असणे याचा अर्थ ‘हे कोणीतरी पारखून घेतले आहे’ असा वाचक लावतो. ती पारख झालेली नसताना तसे भासवणे ही वाचकाची फसवणूक आहे आणि लेखकाच्या संमतीने ती धुऊन निघत नाही.

ललित साहित्यात नुकसान एवढे मोजता येत नाही, पण तत्त्व तेच. म्हणून आमच्याकडे लेखकाच्या खर्चाची पुस्तके निघतात तेव्हा आतल्या पानावर ‘लेखकाच्या खर्चाने प्रकाशित’ अशी ओळ असते. तिला नकार देणारे लेखक बरेच भेटतात. पैसे देण्याची तयारी असते, पण ते दिल्याचे कोणाला कळू नये असे वाटते. या व्यवहारातला लेखकाचा वाटा इथे दिसतो आणि तो झाकून ठेवण्यात अर्थ नाही: आपल्याला पुस्तक हवे असते, त्याहून अधिक कोणीतरी आपल्याला निवडल्याचा भास हवा असतो, आणि तो विकणारे लोक बाजारात आहेत. (प्रवेशशुल्क घेऊन राज्यस्तरीय पुरस्कार देणाऱ्या संस्थांची भरभराट याच भांडवलावर झाली आहे, पण तो वेगळा विषय.)

मधल्या वाटाही आहेत आणि त्या मी गैर मानत नाही. महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाची नवलेखक अनुदान योजना पहिल्या पुस्तकासाठीच आहे. तिथे हस्तलिखित तपासले जाते, वेळ लागतो, पण पारख होते. अशा अनुदानाचे पुस्तक काढताना प्रकाशक पुन्हा लेखकाकडे पैसे मागत असेल, तर एकाच खर्चाची दोनदा वसुली होते आणि ती सरळ नाकारावी. प्रकाशक आणि लेखक यांनी निम्मा-निम्मा खर्च आणि निम्मी-निम्मी विक्री अशी भागीदारी करणेही योग्य आहे, कारण तिथे प्रकाशकाचे पैसे अडकलेले असतात आणि तो पुस्तक विकायला स्वतः बाहेर पडतो. गावाचा इतिहास, बोलीतली गाणी, एखाद्या विस्मृतीत गेलेल्या कार्यकर्त्याचे चरित्र अशी पुस्तके बाजाराच्या हिशेबात कधीच बसणार नाहीत. ती कोणाच्या तरी खिशातूनच निघतील आणि निघालीच पाहिजेत.

आपल्या बाबतीत माझा सल्ला असा. हा प्रस्ताव आहे तसा स्वीकारू नये. पण प्रकाशकाला लबाड ठरवून पत्रव्यवहार तोडण्याचीही घाई करू नये. त्यांना लेखी विचारावे की ९० हजारांचा बाबवार तपशील काय. संपादन कोण करणार आणि त्याचे नाव पुस्तकात येणार का. प्रतींच्या संख्येबाबत छापखान्याचे बिल दाखवणार का. पाचशेच्या पाचशे प्रती आपल्या मालकीच्या मानून विक्रीवर ठरावीक कमिशन घेण्यास ते तयार आहेत का. आणि मुखपृष्ठासह पुस्तकाच्या अंतिम फाइल आपल्याला मिळणार का. फाइलचा मुद्दा क्षुल्लक वाटतो, पण त्या हाती नसतील तर दुसऱ्या आवृत्तीसाठी अक्षरजुळणीपासून सगळा खर्च पुन्हा करावा लागतो. पैसे द्यायचे ठरलेच तर ते तीन हप्त्यांत, धनादेशाने किंवा बँकेतून आणि पावती घेऊनच द्यावेत; शेवटचा हप्ता प्रती मोजून ताब्यात घेतल्यावर. सेवेचे पैसे दिल्याचा कागद असेल तर वाद झाल्यास ग्राहक आयोगापुढे निदान उभे राहता येते.

उत्तर टाळाटाळीचे आले, तर स्वतःच प्रकाशक व्हावे. त्यासाठी कोणताही परवाना लागत नाही. आयएसबीएन स्वतःच्या नावाने घ्यावा, साताऱ्यात किंवा पुण्यात मांडणी करणारा आणि छापखाना गाठावा, आणि ५०० चा मोह सोडून २०० प्रती काढाव्यात. प्रतीमागे खर्च थोडा जास्त पडेल, पण एकूण रक्कम ९० हजारांच्या निम्म्याच्या आसपास राहील. त्यातून वाचलेल्या पैशांतला काही भाग एखाद्या जाणत्या संपादकाला द्यावा, आणि तोही छपाईच्या आधी. प्रकाशक म्हणून १९५४ च्या कायद्यान्वये पुस्तकाची एकेक प्रत कोलकात्याचे राष्ट्रीय ग्रंथालय आणि मुंबई, चेन्नई व दिल्ली येथील नेमून दिलेली ग्रंथालये यांना तीस दिवसांच्या आत स्वखर्चाने पाठवणे आपल्यावर बंधनकारक राहील. ते न केल्यास दंड कमाल ५० रुपये आणि पुस्तकाची किंमत एवढाच असल्याने अनेक प्रकाशक तिकडे दुर्लक्ष करतात. आपण मात्र त्या चार प्रती पाठवाव्यात.